दोष नसलेले तुकडे

“तुकडा लहान ठेवा, म्हणजे दोषाला लपायला जागा राहत नाही,” असं धाकटे भावोजी उठता-बसता म्हणत. खोक्यांच्या कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं, तुकडेवाले.

पुठ्ठा कापणाऱ्या यंत्राच्या पोटात एक छोटा इंटरप्रिटर होता, म्हणजे दुभाष्याच. भावोजींनी लिहिलेल्या ओळी तो वाचायचा आणि यंत्राकडून तसं करवून घ्यायचा. भावोजी लांबलचक एकसंध प्रोग्राम कधी लिहीत नसत. प्रत्येक कामाचं वेगळं मॉड्यूल, त्यांच्या भाषेत तुकडा. पुठ्ठा सरकवणारा एक, पातं खाली आणणारा दुसरा, हात आत दिसला की पातं थांबवणारा तिसरा, पहारेकरी. मुख्य प्रोग्राम जो हवा त्याला नावाने बोलावून घेई.

वहिनी त्याच यंत्रावर कामाला होती.

“तुमचा पहारेकरी झोपाळू आहे हो,” ती एकदा जेवताना म्हणाली. “माझा हात बाहेर येतो, मग याला जाग येते.”

“दादावर गेलाय,” भावोजी म्हणाले. सगळे हसले, पण त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

सकाळी त्यांनी तो तुकडा नव्याने लिहिला. टेबलावरच्या संगणकातल्या दुसऱ्या दुभाष्याला दिला, हाताऐवजी लाकडी पट्टी पुढे केली. पट्टी दिसताच थांबण्याचा हुकूम सुटला. मग चालत्या यंत्रात जुन्याच्या जागी त्याच नावाने नवा ठेवला आणि ते वहिनीला म्हणाले, “आता निर्धास्त.”

दुपारी पुठ्ठा अडकला. वहिनीने निर्धास्तपणे हात घातला. उजव्या हाताला आता अंगठा तेवढा उरला.

ती दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी भावोजी दारातच उभे होते. खोलीत पाऊल टाकायला धजत नव्हते. वहिनीचा नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला. भावाशी त्याने बोलणंच टाकलं होतं.

“सापडला का दोष?” वहिनीने विचारलं.

“एकाही तुकड्यात नाही, वहिनी. दुभाष्या एकदा बोलावलेला तुकडा स्मरणात धरून बसतो. पुन्हा बोलावला तरी जुनाच पुढे करतो, नव्याकडे ढुंकून बघत नाही. यंत्र एकदा बंद करून चालू करायला हवं होतं.”

“हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“मीच सगळ्यांना शिकवतो हे.”

चुकतं माणसाच्या हातून, असं म्हणायचं वहिनीच्या मनात होतं. 

भावोजींनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

“कुठे निघालात?”

“बघतो.”

ती खिडकीशी गेली. ते गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा थांबवायला म्हणून तिने सवयीने उजवा हात वर केला. काचेत पांढरं बँडेज दिसलं. भावोजींनी वळून बघितलं तर त्यांनाही हेच दिसेल, म्हणून तिने हात पाठीमागे लपवला.

ते वळले नाहीत. गल्ली रिकामी झाली तरी ती तशीच बघत राहिली.