बाकांचा मोर

आमच्या कॉलेजच्या पर्यावरण समितीचे सर रस्त्यात पडलेला नट-बोल्ट दिसला की वाकून उचलतात आणि खिशात टाकतात. त्यामुळे सर वर्गात शिरायच्या आधी त्यांचा खिसा ऐकू येतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि माझ्या प्रवेशासाठी सोलापूरच्या उन्हात पळापळ केली ती याच सरांनी. आता मी त्याच कॉलेजात ग्रंथालयात कामाला आहे.

यंदा तपासणीला पाहुणे येणार म्हणून सरांनी आवारात भंगाराचा मोर उभा करायला घेतला. पाय झाले, मान झाली, पण पिसाऱ्याला लोखंड कमी पडलं. मग सरांनी पहिल्या वर्षाच्या वर्गातले धडधाकट लोखंडी बाक भंगारात काढले आणि वेल्डरपुढे टाकले.

"सर, पोरं बसणार कुठं?" मी विचारलं.

"खाली बसतील की! जमिनीशी नातं जुळायला नको का रे?"

पाहुणे आले, मोरापुढे फोटो झाले. त्यांच्यातल्या एका मॅडमनी पहिल्या वर्षाच्या, मैंदर्गीहून येणाऱ्या मुलीला विचारलं, "कसा वाटला मोर?"

"लई छान हाय, मॅडम. दिवाळीपर्यंत आमी ह्याच्यावरच बसत होतो."

मी सरांकडे पाहिलं. सर मात्र खुलले. "बघा मॅडम, पुनर्वापर म्हणतात तो हाच की!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी कपड्यांवरची धूळ झटकत पुन्हा वर्गातल्या फरशीवर जाऊन बसली.