मोजलं का वाचलं?

आमच्याकडे येणारे वायरमनकाका खोलीत शिरले की आधी भिंतीला उलटा हात लावायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग म्हणायचे, "हं." त्या "हं"चा अर्थ कधीच चांगला नसे.

पनवेलमध्ये माझं छोटं पाळणाघर आहे. काका जासईहून स्कूटरवर यायचे. छापील आकडा, दुकानदार, आधी काम करून गेलेला माणूस, कशावरच त्यांचा भरवसा नव्हता. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आपल्याला वाटतं, काम वाढवायला निमित्त शोधतोय. मलाही तेच वाटायचं.

एकदा पंख्यासाठी बोलावलं, तर ते मुलं झोपतात त्या भिंतीपाशीच थांबले.

"ताई, ही भिंत कोमट हाय. पलीकडं काय?"

"गीझरचा पॉइंट. कपाटामागे."

"कपाट हलवा."

मुलांची जेवणं चालली होती. नंतर बघू म्हणून मी त्यांना वाटेला लावलं आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने गीझरवरचं लेबल वाचलं. "पंधराशे वॅट. काही टेन्शन नाही." मला हायसं वाटलं. काकांवरचा संशय बरोबर निघाला, याचंही थोडं समाधान वाटलं.

दोन दिवसांनी दुपारी काका न बोलावताच दारात. मुलं नुकती झोपली होती. मी चिडले. "काका, मी दुसऱ्याकडून तपासून घेतलंय."

"त्यानं मोजलं का वाचलं?"

त्यांनी गीझर सुरू करायला लावला, मेन बोर्ड उघडून चिमट्यासारखा मीटर वायरीला लावला आणि एका मुलाची पाटी माझ्या हातात दिली.

"व्होल्ट दोनशे तीस, अँपिअर दहा. माझ्यावर भरवसा नका ठेवू. गणित तुमी करा. गुना."

"तेवीसशे."

"एवढे वॅट. लेबलवर पंधराशे. आता व्होल्टला अँपिअरनं भागा."

"तेवीस."

"तेवीस ओम. हा आतल्या कॉइलचा अडथळा. पंधराशेवाल्याचा पस्तीस तरी पायजे. अडथळा कमी, म्हनून करंट जास्ती. कुनीतरी मोठी कॉइल बसवलीय. सहा अँपिअरच्या पॉइंटातून दहा जातायत."

त्यांनी मेन बंद केला. आम्ही दोघांनी कपाट ओढलं. पॉइंट तपकिरी होऊन ओघळला होता. काकांनी बोट लावताच वायरीवरचं आवरण भुग्यासारखं गळून पडलं. कपाटाची पाठ काळी झाली होती. भिंतीपलीकडे नऊ मुलं झोपली होती.

"काका, मला वाटलं तुम्ही उगाच..."

"संशय घ्यायलाच पायजे," ते म्हणाले. "माझ्यावर पन."

गेल्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्याने गेले. मी जासईला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने दार उघडलं. तिच्या उजव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"माज्या लग्नात दादानं हीटर दिला," ती म्हणाली. "लेबल बगून त्यानंच बसवला. म्हैन्याभरात बोर्ड पेटला. मी त्याला कदी बोल लावला नाय. पन दादा माज्या हातचा चा घेत नसं. बगवतच नसं त्याला."

तिने त्याच हाताने कप पुढे केला. मी घेतला आणि तिच्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.