धुळ्याचे सर काय म्हणाले होते

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. इंदूजवळसुद्धा नाही — आणि ती माझी बायको होती, चाळीस वर्षांच्या वर एका चुलीवरचं खाल्लं आम्ही. ती गेली त्याला तीन महिने झाले. आता तुम्हाला वाटेल, म्हातारा एकटा पडला, हळवा झाला, म्हणून कबुली द्यायला बसला. वाटू द्या. तसं नाही ते. मी सातवी नापास माणूस. अमळनेरला जळक्या मोटारी भरायचं दुकान चालवलं जन्मभर. हळवेपणा मला कधी जमला नाही, आणि जमवायची इच्छाही नाही.

मग आता का सांगतो? सांगतो. पण माझ्या चालीने सांगणार. मधे कोणी "जाऊ द्या आबा" म्हणायचं नाही.

मोटार भरणं म्हणजे काय, ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती उचलून दुकानात आणून टाकतो. आम्ही आतली जळकी तार काढतो. काढताना वेढे मोजतो, तारेची जाडी बघतो, वहीत लिहितो. मग नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांची भरतो. जितके निघाले तितके भरायचे — उस्तादाने मला एवढंच शिकवलं. तितकेच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कशाला पडेल? मोटार फिरली, विषय संपला.

वैशाली माझी एकुलती एक. लहानपणी दुकानात बसून मोटारीत तारेखाली घालायचे कागद कात्रीने कापून द्यायची, तारेचं रीळ धरायची. बारावीनंतर धुळ्याला इंजिनियरिंगला गेली. कोणती बाजू घेतली? इलेक्ट्रिकल. आपल्या बापाचीच. मी गावभर सांगत फिरलो. तेव्हा आनंद खरा होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पुढचं जे झालं ते त्याच आनंदाच्या पोटातून निघालं — कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी होती. जवळच्या खेड्यातला लोटन मोटार घेऊन आला. त्याची ती मोटार एका हंगामात तिसऱ्यांदा जळली होती, आणि तिन्ही वेळा मीच भरलेली. तो तापलेला. मी म्हणालो, तुझ्या गावची लाईटच खराब. वैशाली पुढे आली. पट्टीने आतलं लोखंड मोजलं, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, "आबा, वेढे कमी आहेत, म्हणून तापून जळते. तुमच्या आधी ज्याने भरली त्याने कमी भरले. तुम्ही त्याचेच मोजले आणि तेच भरले. तिन्ही वेळा."

टोमणा नव्हता तिच्या बोलण्यात. पाणी आणून द्यावं तसं साधं बोलली. पण लोटन मांडीवर थाप मारून हसला — "आबा, आते दुकानवर पोरले बसाडा, नि तुम्ही आमले चहा लई या!"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. हसावंच लागतं ना?

तिने सांगितले तितके वेढे भरले. ती मोटार पुन्हा माझ्या दुकानात आली नाही. पुढे गिऱ्हाइकांना मी सांगायचो, लोटनच्या मोटारीचा दोष मी पकडला. हे पहिलं खोटं. लहान होतं. असं लहान खोटं कोण बोलत नाही? पण मी ते वैशालीच्या समोरही बोललो एकदा. ती खाली बघून कागद कापत राहिली. त्या गप्प बसण्याचाच मला राग आला. बघा आता.

पदवी झाली, आणि पुढे काय हा प्रश्न आला. ती मोठी परीक्षा तिने दिली होती, गेटची. चांगले मार्क पडले. जेवताना तिने मला समजावलं — एक रस्ता लांबचा, परराज्यातल्या मोठ्या संस्थेचा. तिथे दोन वर्षांचं एम.टेक., मोटारींचंच, महिन्याला विद्यावेतन, आणि पुढे तिथेच संशोधन करून डॉक्टर व्हायचं. दुसरा रस्ता जळगावकडच्या एका कॉलेजात. कॉम्प्युटरच्या बाजूचा कोर्स, इलेक्ट्रिकलवाल्यांनाही घेतात, एस.टी.ने जाऊन-येऊन जमेल. तिसरा, आधी नोकरी धरायची आणि शिक्षण मागाहून.

तिचं मन पहिल्यावर होतं. डोळ्यांत दिसत होतं. पण भीत होती. लहान कॉलेजातली पोरगी, तिथे देशभरातले हुशार येणार. "मला झेपेल का आबा?" असं तिने मला विचारलं. मला! मी म्हणालो, तुझ्या सरांना विचार.

धुळ्याचे ते सर तिला देवासारखे. पण त्यांची सवय अशी की फोनवर सल्ला द्यायचा नाही. कागद समोर ठेवा, मग बोलू. आणि नेमका वैशालीला टायफॉईड झाला. उठून बसवत नव्हतं. लांबच्या संस्थेला होकार कळवायला चार दिवस उरलेले. ती म्हणाली, "आबा, माझी फाईल घेऊन तुम्ही जाता का? सर म्हणतील तसं करू."

मी गेलो. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. फाईल उघडली आणि अर्धा तास माझ्या पोरीबद्दल बोलले. काय बोलले ते शेवटी सांगतो, ते तिच्यासाठी ठेवलंय. बोलता बोलता त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. "बघा भाऊ, विषय तुमच्याच दुकानातून उचललाय पोरीने." खेड्यापाड्यात भरलेल्या मोटारी पुन्हापुन्हा का जळतात, यावर तिने शेवटच्या वर्षाचं काम केलं होतं. आत माझ्या दुकानाचे फोटो. माझ्या वहीचं एक पान, माझं वेडंवाकडं अक्षर. इंग्रजी मला येत नाही, म्हणून सरांनी एक ओळ मराठीत करून सांगितली — दुरुस्ती करणारा आधीची चूक मोजतो आणि तीच पुन्हा भरतो.

माझं नाव नव्हतं कुठे. सर कौतुकाने सांगत होते. त्यांना काय ठाऊक? पण मला त्या खोलीत लोटनचं हसणं ऐकू आलं. उस्ताद गेल्यावर तालुक्यात माझ्याएवढा हात कोणाचा नव्हता, असं लोक म्हणायचे. आणि माझ्याच घरातून माझी चूक कागदावर उतरून, शिक्का मारून, कॉलेजच्या कपाटात जाऊन बसली होती.

घरी आलो. वैशाली खाटेवर, कपाळावर ओली घडी. इंदू पायाशी बसलेली.

"काय म्हणाले सर?"

मी म्हणालो — "सर म्हणाले, मोटारीच्या कामात तुझा हात नाही. पाठांतर आहे, समज नाही. लांब जाऊन तोंडावर पडशील. कॉम्प्युटरकडे जा, तिथे निभेल."

"असंच म्हणाले?"

"असंच."

तिने भिंतीकडे तोंड केलं. तशीच "बरं" म्हणाली. संपलं. एवढंच ते.

ती सरांना फोन करेल, खोटं उघडं पडेल, ही धास्ती मला महिनाभर होती. पण तिने केला नाही. तिला लाज वाटली. ती लाजेल, यावरच माझी मदार होती — हेही लिहून ठेवतो, म्हणजे काही बाकी राहायला नको.

आता तुमच्यातला कोणी भला माणूस म्हणेल, आबा, पोरगी जवळ राहावी म्हणून केलंत तुम्ही, बापाची माया ती. त्या भल्या माणसाला मी दारातून हाकलीन. माया नव्हती. गरिबीही नव्हती, तिथे तर तिलाच विद्यावेतन मिळणार होतं. कॉम्प्युटरमध्ये ती कितीही पुढे गेली असती तरी मला काही वाटलं नसतं, मी बँडबाजा लावला असता. कॉम्प्युटर माझा नव्हता. मोटार माझी होती. तिथे मला कोणी मागे टाकू नये — पोटच्या पोरीनेही. हे आहे ते. याला नाव तुम्ही द्या, मला नका सांगू.

मी भांडखोर माणूस, पण एका बाबतीत भेकड निघालो. इंदू त्या सरांना शिव्या द्यायची. वर्षानुवर्षं. वैशाली पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं, चांगलं चाललं, तरी कधी ती फोनवर थकलेल्या आवाजात बोलली की इंदू भाकरी थापता थापता सुरू व्हायची — "मनी पोरनं वाटोळं करं त्या मास्तरनी!" मी ताटावर बसून ऐकायचो. एकदा म्हणालोसुद्धा, "हो, त्या माणसाला काही कळत नव्हतं." ऐकलंत? त्या माणसाला! इंदू तो राग तसाच घेऊन गेली, आणि तो होता चुकीच्या माणसावर.

पोरीला एवढं शिकवलं म्हणून समाजाच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. मी घेतलं. अंगावर शाल घेऊन फोटोही काढला.

इंदू गेली तेव्हा लोक दारावर बसायला येत होते. दहाव्या दिवशी ते सर आले. पार म्हातारे झालेत, काठी लागते. कोणा जुन्या विद्यार्थ्याने कळवलं म्हणे, म्हणून एस.टी.ने आले, धुळ्याहून. वैशाली बायकांत बसली होती. तिने त्यांना पाहिलं, उठली आणि आत गेली. नमस्कार नाही, काही नाही. सगळ्यांनी पाहिलं. सर माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, ही वेळ नाही, पण एवढंच विचारतो. तिने तेव्हा माझं का ऐकलं नाही?"

बायकोचं सुतक चालू होतं. माझं मुंडण झालेलं. अशा वेळी तरी माणूस खरं बोलतो की नाही? मी म्हणालो, "पोरांचं काय सर, मनाला येईल ते करतात."

त्यांनी मान हलवली. हात जोडले आणि गेले. दारात चप्पल घालायला त्यांना वेळ लागला, मी उठलो नाही.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. पुण्याला निघायच्या आधी वैशाली भांडी आवरत होती. सहज बोलली — तिची कंपनी आता विजेवरच्या गाड्यांच्या मोटारी बनवायला घेतेय. वरचे लोक म्हणतात, नोकरीत राहूनच इलेक्ट्रिकलची पुढची पदवी कर, पाठवतो आम्ही. फॉर्मची मुदत तेव्हा अडीच महिने लांब होती, म्हणजे या चालू महिन्याअखेर. मी विचारलं, मग?

"मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे. त्यात माझा हात नाही आबा. सरांनी तेव्हाच ओळखलं होतं."

चाळिशीला आलेली बाई. पुण्यात दहा-बारा माणसं तिच्या हाताखाली काम करतात. आणि मी टायफॉईडच्या खाटेजवळ उभं राहून बोललेलं वाक्य तिने अजून तसंच धरून ठेवलंय, जसंच्या तसं. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तिची गाडी गेली. नंतर रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. तोंडाने मला जमणार नाही, हे कळलं, म्हणून हे लिहिलं. या पानांचे फोटो आधी तिला जातील, मग तुम्हा गावच्या-समाजाच्या लोकांना. महिना संपायला नऊ दिवस आहेत.

वाचून ती बोलेल, न बोलेल. तिने यावं म्हणून हे लिहिलं नाही. मी फोन लावणार नाही. माफी मागायची असती तर ती इंदूकडेही मागायला लागली असती, आणि ते आता होणे नाही. सरांना वेगळं पत्र टाकलंय, त्यात एकच ओळ आहे — पोरीला तुमचा निरोप मी उलटा सांगितला होता. बाकी लोकांनी मेळाव्यात, पारावर, जिथे वाटेल तिथे बोलावं. मी त्याच दुकानाच्या ओट्यावर बसलेला असतो, तोंडावर येऊन बोलावं.

वैशाली, आता तुझं. त्या दिवशी सर असं म्हणाले होते — "भाऊ, इतकी वर्षं पोरं शिकवतोय. पुस्तकातली मोटार सगळ्यांना येते. बंद पडलेल्या मोटारीच्या आत काय चाललंय ते नुसतं बघून ओळखणारी, माझ्या हाताखालून गेलेली ही एकच. ती भितेय, म्हणून मला विचारतेय. तिला सांगा, सरांनी सांगितलंय, मोठ्या संस्थेत जा, मोटारीचंच शिक, आणि कोणी काही म्हटलं तरी सोडू नकोस. एवढं तिला माझ्या शब्दांत सांगाल ना?"

मी "हो सर" म्हणालो. चहा संपवला, तुझी फाईल पिशवीत घातली आणि एस.टी.त बसलो.