उरलेले अकरा शब्द

दस्तगीर गेल्याचं मला इचलकरंजीत एका लग्नाच्या मांडवात कळलं. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं... मला आधी आठवलं त्याच्या दुकानातलं कात्रण, आणि आता ते कुणी नीट वाचलं तर, ही धास्ती. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

दस्तगीर कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उरलेल्या रंगातून प्लायवूडच्या तुकड्यांवर शिरोलीच्या फौंड्रीतली माणसं काढायचा. मी तेव्हा एका इंग्रजी साप्ताहिकात कलापरीक्षणं लिहायला शिकत होतो. वाचनालयात बसून मुंबईच्या इंग्रजी पेपरातले शब्द वहीत उतरवायचे, रोज दहा. माझ्या लेखात शब्द छापून आला की त्यापुढे बरोबरची खूण. वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही, असं संपादक म्हणायचे. कौतुकाचे शब्द लवकर संपले. उरले अकरा, सगळे बोचरे. ते वापरायला धीर होत नव्हता.

अशात दस्तगीरचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि संपादकांनी मलाच पाठवलं. भट्टीपुढे उभ्या माणसाच्या चित्रासमोर मी बराच वेळ थांबलो होतो. का थांबलो, ते इंग्रजीत सांगता येईना. 'लाइफलेस' येत होतं, 'क्रूड' येत होतं. मित्रावर कडक लिहिलं तर आपण निःपक्षपाती दिसू, असंही वाटलं. एकाच परीक्षणात अकराही शब्दांपुढे खुणा झाल्या.

अंक घेऊन तो घरीच आला. इंग्रजी अक्षरं तो सुरेख काढायचा, पण अर्थ दुसऱ्याला विचारायचा. "वाच की लेका, काय लिवलंयस." मी ओळीवर बोट ठेवत गेलो आणि प्रत्येक ओळीचा उलटा अर्थ सांगत गेलो. "एवढं काय चांगलं काढल्यालं न्हाय रं," तो म्हणाला, आणि कात्रणाला चौकट करून त्यानं ते दुकानात मागच्या भिंतीवर लावलं.

त्यानंतर दुकानात कुणी शिकलेलं गिऱ्हाईक शिरलं की मी त्याला बोलण्यात गुंतवायचो. त्याची मुलगी शमीम कॉलेजात इंग्रजी घेणार म्हणाली, तेव्हा मी दस्तगीरला कॉमर्स सुचवलं. तो खूप वेळ हसला होता.

दस्तगीरचा चाळिसावा दिवस झाल्यावर शमीमनं दुकान उघडलं. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, मी आठवीत असतानाच अब्बांना ते वाचून दाखवलंय. डिक्शनरी घेऊन."

"मग काढलं का नाही?"

"मी म्हटलं होतं, काढा. तर म्हणाले, काढलं तर इचारंल की त्यो, का काढलं म्हणून. लई घाबरतंय ते."

मी गेलो की दस्तगीर रंगाचा रिकामा डबा पालथा घालायचा, वर फडकं टाकायचा आणि मला बसवायचा, नेहमी रस्त्याकडे तोंड करून. मला वाटायचं, येणारं-जाणारं दिसावं म्हणून... शमीमनं तसाच डबा मांडला, फडकं टाकलं. मी वळलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.