साबुदाण्यावर वाढलेला घट

माझे वडील तालुक्याच्या गावी खतं-बियाणं विकायचे. त्यामुळे लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा मला पुरणपोळी धड लाटता येत नव्हती, पण युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश मी डोळे मिटून, नुसत्या चिमटीत धरून ओळखायचे. लिंबायतच्या दोन खोल्यांच्या घरात या विद्येचा काय उपयोग, असं आमचे हे म्हणायचे. ते कापडाच्या लूमवर, दिवसभर खडखडाटात कामाला. पाळी संपवून आले की तासभर त्यांना काही ऐकूच यायचं नाही, त्यामुळे मी दिलेली उत्तरं बहुतेक वाया जायची.

सासूबाई म्हणजे एक प्रकरण होतं. अंगानं काडी, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत. धुळ्याकडचं वावर सोडून सासरे छपाईच्या मिलमध्ये लागले त्याला जमाना झाला होता, पण बाईंच्या डोक्यातून वावर काही गेलं नव्हतं. नवरात्रात घटाला लागणारी माती त्या गावाहूनच मागवायच्या. कोणी ना कोणी एसटीतून पिशवी घेऊन यायचं, आणि बाई त्या मातीचा वास घेऊन मगच आणणाऱ्याला चहा विचारायच्या. सुरतेच्या मातीला म्हणे रंगाचा वास येतो.

आमच्या गल्लीत सगळी खान्देशी घरं, एक-दोन गुजराती. नवरात्रात बाहेर लाउडस्पीकरवर गरबा आणि आत घराघरात घट. टोपलीत माती, मातीत गहू, मधोमध कलश. दसऱ्यापर्यंत धान किती उंच येतं, किती दाट येतं, यावर बायकांची सगळी नजर. हळदीकुंकवाच्या नावाखाली बाया घरोघर जायच्या, देवीला हात जोडायच्या आणि डोळे टोपलीवर ठेवायच्या. त्यातून नव्या सुनेचं पहिलं नवरात्र असलं तर घट तिच्या हातानं पेरायचा. धान जोमदार आलं तर सून लक्ष्मी. विरळ आलं तर तिचा हात कोरडा.

कोरडा हात ही काय चीज असते ते माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे पाहून मला कळलं होतं. मी त्यांना ताई म्हणायचे. स्वभाव असा की स्वतःच्या ताटातली भाकरी उचलून माझ्या ताटात टाकायच्या. पण घरात लोणचं घालायचं निघालं की सासूबाई त्यांना पाणी भरायला पाठवत. पापडाच्या पिठाला हात लावू देत नसत. माझ्या हळदीच्या वेळीसुद्धा ताई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, हे मी मुंडावळ्यांच्या आडून पाहिलं होतं. सगळं कशामुळे, तर फार वर्षांपूर्वी नव्या नवरीच्या हातानं त्यांनी पेरलेला घट जळाला होता.

आणि आता पाळी माझी. मला खरंच भीती वाटत होती, उगीच कशाला खोटं बोलू. खतवाल्याची पोरगी आणि तिचाच घट जळाला, म्हणजे माहेरची अब्रूही गेली.

घटस्थापनेला मी गहू पेरले, पाणी शिंपडलं, वर मातीचा पातळ थर दिला. सगळे आरती करून पांगले. मी फुलांची परडी न्यायला परत आत गेले, तर सासूबाई पाठमोऱ्या बसलेल्या. हातात चहाचा जुना डबा. त्यांनी झाकण काढलं, एवढ्यात बाहेर नळ आला म्हणून ओरडा झाला. बाईंनी डबा देवाच्या फळीमागे सारला आणि हंडा उचलून पळाल्या. सुरतेत त्या काळी नळापुढे देवीसुद्धा थांबायची.

मी डबा काढला. पांढरे, बारीक, गोल दाणे. ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून दोन दाणे तळहातावर घेऊन थेंबभर पाणी टाकलं. तळहात गार पडला. युरिया पाण्यात विरघळला की गार पडतो, वडिलांच्या दुकानात आम्ही पोरं याच्यावरच खेळायचो. छपाईच्या रंगात युरिया घालतात, सासरे त्याच खात्यात, तेव्हा डबा घरी कसा आला ते विचारायला नको होतं.

मी तशीच ताईंकडे गेले आणि इकडचं तिकडचं बोलत त्यांच्या त्या घटाचं विचारलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, कोंब छान वर आले होते, चार दिवसांत पिवळे पडले आणि आडवे झाले. मी काही चुकले असेन. आणि एक सांगू, त्या दिवसांत देवाच्या खोलीत कसला तरी वास यायचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मी म्हटलं होतं आईंना, तर त्या म्हणाल्या की धुपाचा आहे.

धुपाचा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. युरिया ओल्या मातीत पडला की त्याचा अमोनिया होतो. मोकळ्या वावरात, वाढलेल्या पिकाला, बेतानं दिला तर ते पीक काळंभोर हिरवं होतं. पण टोपलीभर मातीत, बंद खोलीत, नुकत्याच फुटलेल्या कोंबाच्या अंगावर रोज मूठ मूठ टाकला तर तो कोंब जळणार नाही तर काय होणार? काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं मुळांतलं पाणीसुद्धा खत ओढून घेतं. आणि गव्हाच्या दाण्याला दसऱ्यापर्यंत खत लागतच नाही. तो आपली शिदोरी बरोबर घेऊनच येतो.

हे मी सासूबाईंना सरळ सांगू शकले असते. पण कालची सून आणि वावरात वाढलेल्या बाईला खत शिकवणार? त्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या आणि धान जोमात यावं म्हणून युरिया तर टाकलाच असता. म्हणून मी बोलले काहीच नाही. डबा रिकामा करून त्यात उपवासाचा बारीक साबुदाणा भरला आणि फळीमागे होता तसा ठेवून दिला. समईच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसायचे.

पुढचे दिवस माझी जी करमणूक झाली ती कुठल्या सिनेमानंही केली नसती. बाई रोज माळ चढवायच्या, इकडेतिकडे बघायच्या, पुटपुटायच्या आणि घटाला मूठभर साबुदाणा वाहायच्या. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. धान काय उठलं म्हणता! दाट, कोवळं, पोपटी. बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू एकेक पात त्यांनीच हातानं ओढून वर काढली होती.

पण साबुदाणा तो साबुदाणाच. धानाच्या बुडाशी ओल्या मातीत भिजून टपोरा फुगला. समोरची गुजराती मावशी दर्शनाला आली, वाकली आणि टोपलीत बघून तिनं कानाला हात लावले. "माताजीये मोती आप्या!" म्हणत ती बाहेर पळाली ती गल्ली गोळा करूनच परत आली. पाया पडायला रांग लागली. एकीनं तर मोती पदरात मागितला.

सासूबाईंनी पुढे होऊन एक मोती उचलला. चिमटीत दाबला. जन्मभर एकादशीला साबुदाणा भिजवलेली बाई ती. त्यांनी मान वर केली आणि एवढ्या गर्दीतून नेमकं माझ्याकडे पाहिलं. तोंडातून मात्र अक्षर नाही, कारण हा साबुदाणा आहे म्हणावं तर डब्यात काय होतं तेही सांगावं लागणार. मी देवीला हात जोडून डोळे मिटून घेतले.

बाया गेल्यावर त्यांनी मला मनगट धरून आत ओढलं. मला वाटलं आता माहेरचा उद्धार होणार. पण त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता.

"मंग आपीन खिचडी कसानी खादी?"

खिचडी साबुदाण्याचीच होती, असं मी त्यांना देवीची शपथ घेऊन सांगितलं. युरिया न्हाणीमागच्या पपईला थोडा थोडा घालतेय, म्हटलं, जाऊन बघा. त्या खरंच गेल्या. पपई अशी हिरवीगार झाली होती की शेजारणींनी त्याचंही श्रेय देवीला दिलं होतं. बाई परत आल्या आणि पाटावर बसल्या. मग मी वासाचं सांगितलं, अमोनियाचं सांगितलं, काकडीचं सांगितलं. ताईंचं नाव मी काढलंच नाही. त्या आपल्या टोपलीकडे बघत राहिल्या, आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाच हाक मारली नाही.

आता त्या बोलतात की गिळून टाकतात, एवढंच बघायचं होतं. गिळून टाकणं फार सोपं होतं. घट उत्तम आला होता, धाकट्या सुनेचा हात गुणाचा ठरला होता, झालं गेलं कोण उकरतंय? दसरा येईपर्यंत मला त्यांचा इतका राग आला होता की माझं कौतुकसुद्धा मला कडू लागत होतं.

दसऱ्याला धान घ्यायला बाया जमल्या. पहिली जुडी जिनं पेरलं तिनं उपटायची आणि सगळ्यांना वाटायची. मला पुढे ढकललं गेलं. ताई नेहमीसारख्या मागे भिंतीला.

"आठे ये, मोठी," सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला हाक मारली असेल म्हणून. मग बिचकत पुढे आल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरून धानावर ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या त्याच आवाजात म्हणाल्या, "हिना हात कोरडा नव्हता. तवय घटम्हा मीच युरिया टाकेल व्हता. मीच जाळा तो घट."

बाहेरचा लाउडस्पीकर तेवढा चालू. मला वाटलं ताई रडतील, किंवा सासूबाईंच्या पाया पडतील, तशाच होत्या त्या. पण त्यांनी जुडी उपटली, माती झटकली आणि पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

"पुढला वरीसले घट मी पेरसू. आनि तुमी आत येशात ते आगोदर मूठ दखाडा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन.

पुढच्या वर्षी ताईंनी घट पेरला. माती वाळली की नाही, ऊन लागतंय की नाही, हे बघायला सासूबाईंचा जीव नुसता खालीवर व्हायचा. पण आत जायच्या आधी त्या उंबऱ्याशी थांबायच्या. ताई आतून नुसत्या बघायच्या, आणि आम्हां सगळ्यांना धाकात ठेवणारी ती बाई मुकाट्यानं दोन्ही हात पुढे करून मुठी उघडून दाखवायची.