ग्रंथ म्हणतो, थांबा

त्या दिवशी अप्पा दूध घेऊन घरी आले तेव्हा त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. मी दार उघडलं, पिशवी घेतली आणि विचारलं, "चप्पल कुठंय?" त्यांनी खाली पाहिलं. त्यांनाही माझ्याइतकंच आश्चर्य वाटलं. गंगापूर रोडच्या त्या गर्दीतून, डेअरीपासून आमच्या सोसायटीपर्यंत, माझे वडील एका अनवाणी पायाने चालत आले होते आणि ते त्यांना कळलं नव्हतं. तळव्याला काच लागून रक्त येत होतं. तेही कळलं नव्हतं.

तिथून सगळं सुरू झालं. एमआरआय झाला. कमरेच्या मणक्यात नसा दबल्या होत्या. पहिले डॉक्टर म्हणाले, "महिन्याभरात ऑपरेशन करून टाका, नाहीतर पाऊल उचलायचं बंद होईल." दुसरे म्हणाले, "या वयात मणक्याला हात लावू नका. पट्टा आणि व्यायाम." आमची सगळी आशा तिसऱ्यांवर होती. त्यांनी फिल्म उजेडात धरून पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन्ही करता येईल. निर्णय तुमचा." मला त्या क्षणी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका उचलून फेकावासा वाटला होता. निर्णय आमचाच असता तर आम्ही दीड तास बाकड्यावर कशाला बसलो असतो?

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. दरवर्षी बारावीच्या मुलांना संभाव्यता शिकवते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं की याचा आयुष्यात उपयोग काय. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा त्याचं उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही. यशाचं प्रमाण किती, असं विचारलं की डॉक्टर म्हणत, "माणसामाणसावर असतं."

आमच्या अप्पांबद्दल सांगायला हवं. आमचं घराणं पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करणारं. अप्पांनी पन्नास वर्षं रामकुंडावर लोकांची श्राद्धं केली, अस्थिविसर्जनं केली, आणि घरी बसून मुहूर्त काढून दिले. लग्नाचे, वास्तुशांतीचे, ट्रॅक्टर आणायचे. येवल्याहून, वणीहून माणसं यायची. अप्पा पंचांग उघडून बोट फिरवायचे आणि सांगायचे, "मंगळवार नको. गुरुवारी सकाळी निघा." लोक निश्चिंत होऊन जायचे. आई गेली, मग अप्पांनी सगळं पुतण्याकडे सोपवलं आणि ते आमच्याकडे राहायला आले.

येताना त्यांच्यासोबत एक इंग्रजी पुस्तक आलं. पत्नीच्या अस्थी घेऊन आलेल्या कुणा निवृत्त प्राध्यापकांशी त्यांची घाटावर ओळख झाली होती. दोघं तासन् तास बोलले म्हणे. पुढे त्या गृहस्थांनी कुरिअरने हे पुस्तक पाठवलं. हजारो वर्षांपूर्वीचा चिनी ग्रंथ, त्याचं भाषांतर. अप्पांचं इंग्रजी जेमतेम. पण डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी दोन वर्षांत ते पुस्तक खालून वर, वरून खाली वाचलं. त्याची पद्धत अशी की मनात प्रश्न धरायचा, तीन नाणी सहा वेळा टाकायची. दर वेळी एक रेघ काढायची, अखंड किंवा मधे तुटलेली. सहा रेघांची आकृती होते. अशा चौसष्ट आकृत्या, प्रत्येकीचं एक प्रकरण. तुमच्या वाट्याला आलेलं प्रकरण वाचायचं आणि त्यावर विचार करायचा. चिनी नाणी नव्हती म्हणून अप्पांनी आईच्या डब्यातले इंग्रजांच्या काळातले भोकाचे तीन पैसे घेतले.

"अप्पा, तुमच्याकडे पंचांग आहे की," मी एकदा म्हटलं होतं.

"पंचांग वेळ कशी आहे ते सांगतं," ते म्हणाले. "हा ग्रंथ विचारतो, तू कसा आहेस?"

तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. निवृत्त माणसाने काहीतरी करावं. शब्दकोडी सोडवण्यापेक्षा हे बरं.

पण तिसऱ्या डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आंघोळ करून तीन पैसे काढले. मी डबा भरत होते. चांगला अर्धा तास त्यांच्या खोलीतून खुळखुळ ऐकू येत होती. मग ते बाहेर आले आणि म्हणाले, "ग्रंथ म्हणतो, थांबा."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता ऑपरेशन नाही. वेळ पिकू द्यायची."

"अप्पा, नस आहे ती. आंबा नाही."

त्यांनी मला समोर बसवलं. मला पावणेआठला निघायचं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की जग सतत बदलत असतं. जोर लावून काही करायला गेलं की उलटं होतं. शहाणा माणूस परिस्थितीचा कल ओळखतो. "गोदेला पूर आला की आपण काय करतो? घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की माणसं दुकानं उचलतात आणि थांबतात. पाण्याशी भांडतं का कोणी?"

"माणसं दुकानं तरी उचलतात ना, अप्पा! तुम्ही काय उचलताय?" मी डबा पिशवीत टाकत म्हटलं.

"पुन्हा विचारून बघा," मी जाता जाता म्हटलं.

"एक प्रश्न एकदाच विचारायचा असतो," ते म्हणाले. "उत्तर आवडलं नाही म्हणून परत विचारलं तर तो अपमान होतो."

मी बंगळुरूला धाकट्या भावाला फोन केला. मला वाटलं, तो तरी वडिलांना दोन शब्द सुनावेल. तर तो म्हणाला, "ताई, इंटरेस्टिंग आहे हं. आमच्या ऑफिसात यावरच वर्कशॉप झालं. अनिश्चित काळात निर्णय कसे घ्यावेत. पाण्यासारखं राहायचं, मार्ग आपोआप मिळतो."

"तू इथे येऊन पाण्यासारखा राहा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग बाकीचे. येवल्याची आत्या फोनवर म्हणाली, मणक्याचं ऑपरेशन केलेला एकही माणूस तिने उभा पाहिलेला नाही. माझा नवरा म्हणाला, "त्यांचं शरीर आहे, त्यांना ठरवू दे," आणि पेपरमध्ये डोकं घातलं. सोसायटीतल्या एका काकांनी मालिशवाल्याचा नंबर दिला. फक्त आमच्या स्वयंपाकाच्या मावशी, वणीकडच्या, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "ताई, आप्पांचा पाय लय घासतोय. मी रोज ऐकते. आधी असा आवाज नव्हता येत."

आवाज मीही ऐकत होते. डावी चप्पल फरशीवर घासत जायची. अप्पा मात्र प्रसन्न. गॅलरीत बसून पुस्तक वाचायचे आणि मला काही ना काही सांगायचे. भांड्याचा उपयोग त्याच्या पोकळीमुळे असतो. वाकतं ते झाड वादळात टिकतं. मी सत्तर पेपर तपासत बसलेली असायची आणि माझ्या कानावर हे पडत असायचं. एकदा तर मी लाल पेन टेबलावर आपटलं. "अप्पा, तुमचा पाय वाकत नाही, हे त्या झाडाला सांगा!" त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाही राग आला.

असे अडीच महिने गेले.

मग एका रविवारी अप्पा सोसायटीच्या गेटापाशी पडले. पाऊल उचललं गेलं नाही, पुढचा भाग जमिनीत अडकला आणि ते तोंडावर आपटले. वॉचमनने आणि मावशींनी धरून वर आणलं. ओठ फुटला होता, मनगट सुजलं होतं. डॉक्टरांना दाखवायला जुने रिपोर्ट हवे होते म्हणून मी त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. फाइलीखाली एक दोनशे पानी वही होती. त्यात अप्पांच्या सुबक अक्षरात प्रत्येक प्रश्न, त्याखाली सहा रेघा आणि प्रकरणाचा क्रमांक. 'पुतण्याला बोलावे का.' 'गॅलरीत तुळस की गवती चहा.' आणि एका पानावर, 'ऑपरेशन.'

मनगटाचा एक्स-रे झाला, हाड शाबूत होतं. दुपारी अप्पा झोपल्यावर मी ती वही आणि पुस्तक घेऊन बसले. खरं सांगायचं तर मला त्यांची चूक काढायची होती. रेघा मोजल्या, क्रमांक जुळवला, प्रकरण उघडलं. मी दोनदा वाचलं. तिथे थांबण्याचं काहीच नव्हतं. त्या प्रकरणाचा सगळा भर पुढे जाण्यावर होता. जाणत्या माणसाची मदत घ्यावी, मनात भय धरू नये, हळूहळू का होईना, निघावं. अप्पांनी समासात पेन्सिलीने अर्थही लिहिला होता. 'जा.'

ते उठल्यावर मी चहा केला आणि वही त्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय आहे, अप्पा?"

त्यांनी वहीकडे पाहिलं आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"अडीच महिने?"

"हो." मग ते म्हणाले, "माझ्या चुलतभावाचं झालं होतं हे ऑपरेशन. तू लहान होतीस. तो अकरा वर्षं पलंगावर होता. मी त्याला कुशीवर वळवायला जायचो." त्यांनी फुटलेल्या ओठाला रुमाल लावला. "नाणी टाकली तेव्हा वाटलं होतं, थांब असं येईल. नाही आलं."

"मग परत टाकायची होती!"

"परत कसं विचारणार?" ते अगदी मनापासून म्हणाले. या माणसाने नियम मोडला नव्हता. पोटच्या मुलीशी अडीच महिने खोटं बोलायला त्याला चाललं, पण ग्रंथाला दुसऱ्यांदा विचारायला नाही.

"भीती वाटते, एवढं म्हणायचं ना, अप्पा."

"पन्नास वर्षं लोकांना सांगितलं, काही काळजी करू नका, निघा. मुलीला काय सांगू, मला भीती वाटते?"

मी खूप बोलले. इतकं बोलले की मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पण बोलता बोलताच मला एक गोष्ट आठवली आणि माझा आवाज खाली आला. 'थांबा' हे उत्तर ऐकून त्या सकाळी मी चिडले होते, हे खरं. पण रिक्षात बसल्यावर मला हलकंही वाटलं होतं. बोर्डाच्या परीक्षा तोंडावर होत्या, रजा मिळणार नव्हती, आणि ऑपरेशन बिघडलं तर 'तू हट्ट केलास' असं म्हणायला भाऊ होताच. मला त्या ग्रंथाची चेष्टा करता येत होती आणि त्याच्या आड बसताही येत होतं. मी पुस्तक उघडून बघू शकले असते. मी गणिताची बाई आहे, सहा रेघा मोजायला मला कितीसा वेळ लागला असता? अडीच महिने मी ते उघडलं नाही.

हे मी अप्पांना तेव्हा सांगितलं नाही. पुढेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अप्पांचं पाऊल हातात घेतलं, वर उचलायला सांगितलं. पाऊल जागचं हललं नाही. "तेव्हा आला असतात तर..." एवढं म्हणून ते थांबले. मला ते वाक्य पूर्ण ऐकायचं नव्हतं. तारीख ठरवताना रिसेप्शनवरच्या मॅडमनी सवयीने विचारलं, "काका, मुहूर्त वगैरे बघायचाय का? बरेच जण बघतात."

"नको," अप्पा म्हणाले. "डॉक्टर ज्या दिवशी मोकळे असतील तो दिवस."

ऑपरेशनच्या सकाळी भाऊ आला. बाहेर बसून मला धीर देत होता, की आता सोडून द्यायचं, जे होईल ते होईल. मी त्याला चहा आणायला पिटाळलं. साडेतीन तास लागले. अप्पा शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "उजवा हलतोय?" नर्स म्हणाली, हलतोय. "डावा?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थोडा." तो अजिबात हलत नव्हता. आमच्या घरात खोटं बोलण्याची पद्धत आता माझ्यापर्यंत आली होती.

दबलेल्या नसा मोकळ्या झाल्या. बधिरपणा गुडघ्याखाली थोडा उरला. डावं पाऊल अर्धंच परतलं आणि आता तेवढंच राहील असं सांगतात. ते बुटात पट्टी घालून आणि काठी घेऊन चालतात. पलंगावर नाहीत, हे खरं. आधी डॉक्टरांकडे गेलो असतो तर काठी लागली नसती, हेही कदाचित खरं. कदाचित हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा समजावून सांगितलाय आणि तो मला अजून सहन होत नाही.

अप्पांनी ग्रंथ सोडलेला नाही. उलट सोसायटीत बातमी पसरलीय. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. मुलाने कॅनडाला जावं की नाही, हे विचारायला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मुलाला विचारा!" अप्पांनी दार लोटून घेतलं. आत काय झालं मला माहीत नाही. बाई जाताना रडत होत्या आणि त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला. मुलगा जाणार की नाही, तेही मला कोणी सांगितलेलं नाही.

रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी अप्पांना जिना चढवते. फिजिओथेरपिस्टने एक मजला सांगितलाय. उजवा पाय वर, मग काठी, मग डावा ओढून घ्यायचा. अठरा पायऱ्यांना आम्हाला नऊ मिनिटं लागतात. लोक लिफ्टने वर-खाली जातात आणि वाकून बघतात. मी दोन पायऱ्या खाली, त्यांच्या पाठीमागे हात धरून उभी.

"हात काढ," ते काल म्हणाले. "मला तोल सांभाळता येतोय."

"सांभाळता येतोय तर सांभाळा. मी काही धरलेलं नाही."

"सावली पडते तुझ्या हाताची. लक्ष जातं."

"मग पुढे बघा ना, अप्पा. वर बघा."

ते वर बघेनात, मी हात काढेना. मागून पहिल्या मजल्यावरचे शेजारी भाजीच्या पिशव्या घेऊन येऊन उभे राहिले होते आणि त्यांना पुढे जायला जागा नव्हती.