म्हशीसाठी राखीव

आमचे शौकतभाई मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. उभी हयात होड्या रंगवण्यात गेली. कामाची त्यांची एक रीत होती. ब्रश बुडवायच्या आधी होडीच्या मालकाला वाळूत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचं, काय दिसतंय? जे दिसेल ते होडीवर. कुणाला घोडा दिसला, कुणाला मोर. एकाला सासू दिसली. शौकतभाईंनी नथीसकट सासू काढली आणि म्हणतात, ती होडी इतकी शिस्तीला लागली की दिवस बुडायच्या आत घरी यायची. मी हे पडताळून पाहिलेलं नाही, पण सांगताना कधी अडलं नाही.

आता ते सानपाड्यात मुलाकडे असतात, आमच्याच सोसायटीत. होड्या नाहीत, म्हणून पोरं धरतात. इमारतीखाली पाहुण्यांच्या गाडीसाठी एक जागा सोडलीय. संध्याकाळी तिथं पाच-सहा वर्षांची पोरं मांडी घालून बसतात. डोळे मिटा, काय दिसतंय, कुठल्या रंगाचं, त्याच्या मागं कोण उभंय? मग ते खडूनं फरशीवर काढायचं, आणि काढून झालं की त्या चित्रालाच विचारायचं, बाबा, तू इथं कशाला आलास? ते जे सांगेल ती गोष्ट.

मला याचं भारी कौतुक. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी म्हशीवर निबंध लिहायला सांगितला होता. खिडकीबाहेर एक बसलेली होती, तिच्याकडे बघून मी लिहीत सुटलो. अर्ध्यात ती उठून गेली. माझं शेवटचं वाक्य गुरुजींनी वर्गाला वाचून दाखवलं, 'आता म्हैस नाही.'

हे मी माझ्या नातीला, मनस्वीला, सांगितलं आणि घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटले तर तीच म्हैस दिसली. आजोबांच्या निबंधातून निघालेली, चालून चालून सानपाड्याला पोचलेली. तिनं ती जागाभर काढली, पोट टम्म फुगलेलं. म्हैस इथं बाळंतपणाला आली होती.

त्या संध्याकाळी एक पाहुणे गाडी लावायला आले. पोरं अशी आडवी झाली की गृहस्थ म्हशीची माफी मागून बाहेर गेले. आमचा वॉचमन गोटीराम शिरवणे गावचा, हुकमाचा पक्का. त्या जागेत विनापरवाना जे उभं राहील त्याला चिठ्ठी चिकटवायची, असा त्याला हुकूम. त्यानं म्हशीच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली, 'बाहेरची गाडी, त्वरित हलवा.'

सेक्रेटरी धनेशनं रविवारी मीटिंग बोलावली. विषय एकच, शौकतभाईंचा वर्ग बंद. वर त्यांच्या घरात पाच माणसं, तिथं पोरं बसवणार कुठं? आदल्या दिवशी जिन्यात ते मला हळूच म्हणाले, "वामनराव, इथून उठवलं तर मी नुसता म्हातारा उरेन."

मीटिंग त्याच जागेवर भरली. सगळ्यांनी खुर्च्या कडेकडेनं मांडल्या, एकाचाही पाय म्हशीवर नाही. धनेशनं गोटीरामला पाइप आणायला सांगितलं. धुऊन टाक, विषय संपव.

मनस्वी उठून उभी राहिली. "काका, पाणी घातलं तर ती उठणारच नाही. म्हैस आहे ती."

जे खेड्यातून आले होते त्यांनी माना डोलावल्या. पोरगी खरं बोलत होती. एका बाईंनी विचारलं, दिवस भरलेलीला गार पाणी चालतं का? त्यावर बराच वेळ चर्चा झाली. धनेश वैतागला.

"मग हाकला तिला," तो म्हणाला.

"हाकतो की," शौकतभाई म्हणाले. "तू डोळे मिट आणि वाट सांग. पोरं काढतील."

एकदाचं मिटावं म्हणून धनेशनं डोळे मिटले. म्हणाला, गेटमधून बाहेर. पोरांनी खडूनं गेट काढलं. पुढं? पुढं स्टेशन. पूल चढते का? नाही, एवढं पोट घेऊन कशी चढेल, खालून जाते. सिग्नलला थांबते. रिक्षावाला तिला वाशीला येतेस का विचारतो, ती नको म्हणते. हे सगळं धनेशच सांगत होता बरं का, आम्ही नुसते ऐकत होतो. अशी त्यानं तिला थेट खाडीकाठच्या गवतात नेली.

"तिथं काय करते?" शौकतभाईंनी विचारलं.

"चरते."

"आणि अंधार पडल्यावर?"

"घरी येते," धनेश डोळे मिटूनच म्हणाला. "रेडकू होणार ना."

"घर कुठं तिचं?"

धनेशनं डोळे उघडले, फरशीकडे बघितलं, आणि गोटीरामला पाइप गुंडाळायला सांगितलं.

आता खांबावर पाटी आहे. शौकतभाईंनी होडीसारखी रंगवलेली, दोन बाजूंना दोन पापलेटं, मध्ये 'म्हशीसाठी राखीव'. वर्ग तिथंच भरतो, कारण म्हैस दिवसभर चरायला गेलेली असते. परवा बेलापूरहून धनेशचा मेहुणा नवी गाडी घेऊन आला आणि सरळ त्या जागेत घुसायला लागला. गोटीराम धावला, पण त्याच्या आधी धनेश पोचला होता.

"बाहेर लाव," तो मेहुण्याला म्हणाला. "तिची यायची वेळ झालीय."